नारूचा पाय आणि सायकलचं पुढचं चाक

आमच्या भागात नारू म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. पण हे वाचणारा दुसरीकडचा असला तर त्याच्यासाठी सांगतो. नारू म्हणजे पायातून निघणारा किडा. पांढरा, दोऱ्यासारखा, हातभर किंवा त्याहून लांब. आधी फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि हा दोरा डोकं बाहेर काढतो. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर घ्यायचा, बाकीचा आत राहू द्यायचा. कधी महिना लागतो, कधी दोन. तोवर माणसाने बसून राहायचं.

मला बसून राहणं जमत नाही. त्या उन्हाळ्यात तर जमणारच नव्हतं, कारण जूनच्या आत मला सायकल शिकायची होती. माझं वय होतं अठ्ठावीस. दोन्ही कामं एकाच पायाने करायला गेलो आणि दोन्ही बिघडवली. तिसरं एक बिघडवलं ते वर्षभराने उघड झालं. लिहायला बसलो आहे ते त्या तिसऱ्यासाठी. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नाही पडलं तर निदान माझ्या डोक्यातून जाईल.

सायकल कशाला

मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. शाळा आमच्या वस्तीपासून आठ मैलांवर, पांढरकवड्याच्या सडकेला लागून. शाळेच्या गावात राहावं म्हणून चार घरी खोली विचारली. "खोली आहे, पण…" असं चारही घरी ऐकलं. त्या 'पण'च्या पुढे कोणी बोललं नाही, आणि मलाही विचारायची गरज पडली नाही. आम्ही दीक्षा घेतल्याला दीड वर्ष झालं होतं. आमचा धर्म बदलला होता, त्यांचा 'पण' काही बदलला नव्हता.

तेव्हा रोज चालत. सकाळी सातला निघायचं, तीन तास सडक तुडवायची, पोचेपर्यंत दहा वाजून जायचे. मार्चमध्ये तपासणीला साहेब आले. माझ्या आधी येऊन बसले होते. म्हणाले, "गुरुजी, जूनपासून दहाची घंटा तुमच्या हातून वाजली पाहिजे. नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

वस्तीत मॅट्रिक पास झालेला मी पहिला. नोकरी गेली असती तर एकट्याची गेली नसती.

सायकल आधी का शिकलो नाही? आमच्या माणसाने गावातून सायकलवर बसून जायचं नाही, उतरून हातात धरून न्यायची, असा तिथला रिवाज. ज्यावरून उतरूनच चालायचं ते शिकायचं कशाला, असं माझे वडील म्हणत. मला तेव्हा ते पटलं होतं.

जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा धनसिंग माझा दोस्त. तो रोज सकाळी सायकलवरून दूध-तूप पांढरकवड्याला नेई. दुपारी सायकल रिकामी असे, आणि शाळेला सुट्टी लागल्यावर मीही रिकामा होतो. तो म्हणाला, "दुपारची सायकल तुमची, मास्तर. मोडली त तेवढी माही."

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटलेलं एक वावर होतं, तिथे आमची शाळा भरली. सीटवर बसायची माझी हिंमत होईना, म्हणून धनसिंगने आधी कैची शिकवली. कैची म्हणजे दांडीच्या खालून पाय घालून, वाकडंतिकडं लटकून पायडल मारायचं. लहान पोरं मारतात. धोतर नेसलेला मास्तर दांडीखाली लटकलेला पाहून तांड्यावरच्या बाया पोट धरून हसायच्या.

"समोर पाहा, मास्तर! चाकाकडे कायले पाहून राह्यले?"

समोर पाहिलं की बाभळ दिसायची. बाभळ दिसली की सायकल तिकडेच जायची. आठ दिवस एकाच बाभळीला धडकलो. मुलांना पाढे येत नाहीत म्हणून मी छडी मारत होतो, त्याची मला त्या आठ दिवसांत फार लाज वाटली.

फोड

नवव्या दिवशी डाव्या घोट्याच्या वर फोड आला. पाहताक्षणी ओळखला. आणि पहिला विचार मनात आला तो दुखण्याचा नव्हता. आला तो मोठ्या बाबांचा.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दीक्षेच्या वेळी घरातले देव नदीत सोडले ते मी, सगळ्यांच्या देखत, छाती काढून. मोठे बाबा काठावर उभे होते.  तेव्हापासून वस्तीत कोणाला ताप आला, म्हैस आटली, की ते म्हणत, "देव सोडले ना, मंग?" नारूबद्दल तर त्यांचा दाखला पक्का होता. "गावातल्या लोकाइले नारू काहून निघत नाई? त्याइचे देव जागेवर हायेत."

हे खरंच होतं. नारू आमच्या वस्तीत आणि तांड्यात निघे, गावात निघत नसे. देव होते तेव्हाही आमच्याकडे नारू निघेच, पण गावात का निघत नाही याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि आता सगळ्यांत जास्त भाषणं करणाऱ्या मास्तरच्याच पायाला नारू! मी फोडावर फडकं बांधलं आणि काटा रुतला म्हणून सांगितलं.

माझी बायको शांता शाळेत गेलेली नाही, पण तिला फसवणं अवघड. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काट्यानं एवढा ताप येते कायजी? दाखवा इकडं." तिने पाहिलं, कोणाला काही बोलली नाही आणि मला धनसिंगच्या आईकडे घेऊन गेली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तिला सगळेच याडी म्हणत. नारू काढण्यात तिचा हात हलका. तिने दोऱ्याचं डोकं पळसाच्या काडीला गुंडाळलं, काडी पायाला बांधली आणि बजावलं, "ओढाचं नाई. दुखलं त थंड पाणी घाल, नरम पडते."

थंड पाणी. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पाणी म्हणजे शांताच्या डोक्यावरची घागर. गावात दोराने शेंदायची विहीर होती, तिच्यावर आम्हाला जाता येत नव्हतं. आमची होती ती पायविहीर, पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जायची. उन्हाळ्यात शांताला एका घागरीसाठी वीस पायऱ्या उतरून चढाव्या लागत. ते पाणी पायावर ओतायची मला लाज वाटायची. म्हणून मी एक शहाणपण केलं. दुपारी सायकल शिकून झाली की, विहिरीवर कोणी नसे तेव्हा, मी खाली उतरायचो, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसायचो आणि पाय पाण्यात सोडायचो.

त्या उन्हाळ्यातलं एवढंच सुख मला आठवतं. पायाची आग विझायची. डोळे मिटून मी बसून राहायचो. फोडाच्या तोंडातून दुधासारखं पांढरट काहीतरी पाण्यात सुटायचं. मला वाटायचं, पू चालला, बरं झालं.

तुटला

धनसिंग म्हणत होता, मास्तर, पाय बरा होऊ द्या. मी म्हणत होतो, जून काही पायासाठी थांबणार नाही. कैचीवरून मी दांडीवर आलो, दांडीवरून सीटवर. मेच्या मध्यावर एका दुपारी त्याने मागचं कॅरिअर कधी सोडलं ते मला कळलंच नाही. मी बाभळीला वळसा घालून पुढे गेलो. एकटा! मागून तो ओरडला, "वा मास्तर, वा!"

त्याच वेळी पायावरचं फडकं सुटून पायडलमध्ये अडकलं. पायडल फिरलं, फडकं ताणलं, काडी ओढली गेली. आत गुडघ्यापर्यंत सणक गेली. खाली पडलो तेव्हा काडीला वीतभर दोरा लोंबत होता आणि पायातून काहीच बाहेर दिसत नव्हतं.

तुटलेला नारू आत सडतो. चौथ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला, ताप उतरेना, मी बडबडायला लागलो. आता काटा म्हणून चालणार नव्हतं. वस्तीभर झालं. मोठे बाबा येऊन दारात बसले. मी वाट पाहत होतो की आता म्हणतील, आता म्हणतील. ते म्हणाले, "बंडी जुतू का?" त्यांनीच बैलबंडीने मला सडकेवर नेलं आणि यवतमाळच्या गाडीत बसवलं. म्हणायचं ते त्यांनी गाडी हलताना म्हटलं, "तरी मी सांगून राह्यलो होतो."

दहाची घंटा

दवाखान्यात सात आठवडे होतो. पाय दोन जागी चिरला. सकाळी पट्टी बदलायची वेळ आली की वॉर्डातला प्रत्येक जण दुसऱ्या कुठेतरी पाहू लागे. कंपाउंडर जुनी पट्टी ओढताना म्हणायचा, "झालं, झालं." झालेलं कधीच नसायचं. शेजारच्या खाटेवर आर्णीकडचे एक म्हातारे होते. माझी पट्टी चालू असली की ते मोठ्याने त्यांच्या बैलांच्या खोडी सांगायचे, रोज त्याच. मी त्यांना कधी गप्प बसा म्हटलं नाही. शांता मागच्या आवारात तीन दगडांवर भाकर करायची आणि झाडाखाली झोपायची.

जून उजाडला. दवाखान्याजवळ कुठलीशी शाळा होती. तिची दहाची घंटा मला खाटेवर ऐकू येई. रोज. पट्टीपेक्षा ती जास्त दुखायची. साहेबांचं कार्ड आलं : तात्पुरता माणूस नेमला आहे, दिवाळीनंतर हजर न झाल्यास तोच कायम होईल.

डॉक्टर तरुण होते, बोलायला बरे. एकदा खाटेवर टेकून त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता, गुरुजी?"

"पायविहिरीचं."

"दुसरी विहीर नाही गावात?"

"आहे. दोराची."

"मग?"

मी अंगावरचं पांघरूण सारखं केलं. डॉक्टरांना काय ते कळलं. त्यांनी समजावून सांगितलं. नारू निघालेला पाय पाण्यात गेला की नारू पाण्यात पिल्लं सोडतो, पांढऱ्या दुधासारखी. ती इतकी बारीक असतात की दिसत नाहीत. पाण्यातले बारीक किडे ती पिल्लं गिळतात, आणि त्या किड्यांसकट ते पाणी माणसं पितात. वर्षभराने त्यांच्या पायातून नारू निघतो. दोराच्या विहिरीत कोणाचा पाय जात नाही, म्हणून तिथे नारू नाही.

म्हणजे देव जागेवर असण्या-नसण्याचा काही संबंधच नव्हता. आम्हाला दोराला हात लावू दिला नाही, म्हणून आम्ही पाण्यात पाय घातला. मोठ्या बाबांना द्यायचं उत्तर मला मिळालं होतं. पण मला आनंद झाला नाही, कारण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "तुम्ही नाही ना पाय बुडवला?"

"नाही," मी म्हणालो.

जाताना त्यांनी सांगितलं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. ते मी शांताला जसंच्या तसं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

बोटावर महिने

दवाखान्याच्या कागदावर माझं आजारपण जुलैत संपलं. खरं आजारपण तिथून सुरू झालं. आता गाळून काय उपयोग होता? वैशाखभर सगळी वस्ती ते पाणी पीत होती. मी बोटावर महिने मोजत राहिलो. लोक बोलत, हसत, निंदायला जात, आणि मी त्यांच्या पायांकडे पाहत बसे. शांता घागरीच्या तोंडावर लुगड्याचं दुहेरी फडकं बांधायची. मी वस्तीत घरोघर जाऊन गाळा, गाळा म्हणून सांगत होतो. दोन-चार घरांनी ऐकलं. बाकीचे म्हणायचे, "मास्तर दवाखान्यातून लय शिकून आला."

गुडघा वाकत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, हलवा, नाहीतर असाच राहील. तेव्हा पुन्हा धनसिंग, पुन्हा ते वावर. या वेळी नारू नव्हता, पण लाकडासारखा पाय होता. पायडल वर आलं की डोळ्यांपुढे काजवे. धनसिंग हाताने माझा गुडघा दाबून वाकवायचा आणि म्हणायचा, "रडा मास्तर, इथं पाह्याले कोणी नाई." मी रडलोही. राग यायचा तो पायाचा, सायकलचा, साहेबांचा, आणि फिरून फिरून माझा स्वतःचा.

दसऱ्यापर्यंत पाय फिरायला लागला. पांढरकवड्याहून एक जुनी सायकल घेतली. दिवाळीनंतर हजर झालो, आणि पहिल्याच दिवशी दहा वाजता घंटा मी वाजवली. तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? गरज नसताना चार ठोके जास्त दिले.

चैत्र

पुढच्या चैत्रात पहिला फोड शांताला आला. उजव्या पोटरीला.

मग मोठे बाबा. मग आणखी पाच घरं. एवढे नारू एका उन्हाळ्यात कोणी पाहिले नव्हते. मोठे बाबा काठी टेकत घरोघर फिरले. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक ठरली. देव परत आणायचे, देवीला बकरा कबूल करायचा. ज्यांनी माझ्याबरोबर नदीत देव सोडले होते, तेच आता खाली मान घालून "हो" म्हणत होते.

त्या दिवशी दुपारी मी शांताचा नारू काडीला गुंडाळत होतो. बोटभर झाला, थांबलो. मग तिला सगळं सांगितलं. पायरी, पाणी, पांढरं दूध, सगळं.

तिने काडी स्वतःच्या हाताने पायाला बांधली. मग म्हणाली, "हे डॉक्टरले सांगतलं होतं?"

"नाही."

"वर्षभर गाळ गाळ म्हणून जीव खाल्ला माहा, अन् हे नाई सांगतलं." तिने पाय माझ्या मांडीवरून उचलून घेतला. "माह्यासाठी घागर वाचवाले गेले, अन् माह्याच पायात घातलं. आता पयले वस्तीले सांगा. मंग माह्याशी बोला."

बैठकीत मी उभा राहिलो. भाषण करायची सवय होती, त्या दिवशी शब्द सापडेनात. एवढंच म्हणालो, "देवाचा कोप नाही. माझा पाय आहे." आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, मी लपवलेलंही सांगितलं.

  ज्यांच्या पायाला काड्या बांधलेल्या होत्या ते आपापल्या काडीकडे पाहू लागले. मोठ्या बाबांनीही पाहिलं. मग म्हणाले, "एवढा शिकला लेका, अन् पाय धुवाले तुले तेवढीच जागा भेटली?"

"लाज वाटत होती, मोठे बाबा. तुमच्यासमोर."

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. मग विचारलं, "मंग आता काय कराचं म्हणते तुहा डॉक्टर?"

"पायऱ्या बुजवायच्या. वरून दोराने शेंदायचं."

दुसऱ्या दिवशीपासून दगड यायला लागले. ज्यांचे पाय धड होते त्यांनी वाहिले, बाकीच्यांनी बसून माती कालवली. माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. चार दिवसांत पायऱ्यांच्या तोंडाशी छातीएवढी भिंत उभी राहिली. वर दोन खांब रोवले, आडवं लाकूड टाकलं. राहिला गडगडा, दोर ज्यावरून फिरतो तो. गावच्या सुताराने तीनदा "उद्या देतो" म्हटलं. त्याचा उद्या आमच्यासाठी नव्हता. विहिरीला आता भिंत होती आणि पाणी काढायला वाट नव्हती. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या.

शांता लंगडत विहिरीवर आली होती. त्या दुपारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. माझी सायकल भिंतीला टेकवलेली होती. तिने बोट दाखवलं.

"त्याचं चाक काढा."

मी तिच्याकडे पाहिलं. त्या सायकलसाठी मी काय भोगलं होतं ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"पुढचं काढा," ती म्हणाली. "फिरते ना ते?"

धनसिंगने पाना आणला. टायर काढलं, ट्यूब काढली, उघडी रिंग दोन खांबांमध्ये बसवली. दोर रिंगच्या खाचेत नीट बसला. पहिली बादली मोठ्या बाबांनी ओढली. मग शांताने फडकं लावून ते पाणी गाळलं, पहिला पेला त्यांना दिला आणि दुसरा माझ्यापुढे केला. "घ्या," म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात एक नारू निघाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही. देव नदीतच राहिले.

नवं चाक यायला दीड महिना लागला. सुट्टी लागेपर्यंत आखडलेल्या गुडघ्याने रोज आठ मैल चाललो. पहिल्या दिवशी शाळेत पोचायला साडेदहा झाले. मुलं ओळीत उभी राहून वाट पाहत होती. उशीर झाल्यास कारण रजिस्टरात लिहावं लागतं. मी दौत पुढे ओढली आणि लिहिलं : सायकलचं पुढचं चाक विहिरीवर आहे.